इंजिन अडतंय? स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा

मॉडेल रेल्वेचं नवं इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलरचा नॉब फिरवला, दोन फेऱ्या झकास झाल्या आणि तिसऱ्या फेरीत वळणावर ते गपकन थांबलं. बोटाने जरासं ढोसलं की पुन्हा चालू, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. त्यानंतर बहुतेक नवखे जे करतात तेच मीही केलं होतं: इंजिन उलटं केलं आणि उघडलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी मोटरला वीज देणाऱ्या कार्बनच्या ब्रशमागची इवलीशी स्प्रिंग टुणकन उडाली आणि कपाटाखाली गेली, ती अजून तिथेच असेल. दोष सापडला तो मात्र इंजिनात नव्हता. रुळाचा एक सांधा सैल होता. नखाने दाबला की इंजिन चालायचं, नख उचललं की थांबायचं.

म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. ज्यात काही मोडू शकत नाही ते आधी, आणि उघडाउघडी सगळ्यात शेवटी.

वीज नेमकी कुठून कशी जाते

दोन रुळांच्या नेहमीच्या पद्धतीत एका रुळातून वीज वर येते. चाकातून ती चाकाला घासणाऱ्या तांब्या-पितळेच्या पातळ पत्रीत जाते, तिथून मोटरमध्ये, आणि पलीकडच्या चाकांमधून दुसऱ्या रुळात परत. एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. एन मापात, म्हणजे १:१६० प्रमाणात, ते फक्त ९ मिलिमीटर. चाक गोल आणि रूळ सरळ, त्यामुळे दोघं एकमेकांना टेकतात तो ठिपका टाचणीच्या टोकापेक्षा मोठा नसतो. मोटरला लागणारा सगळा करंट त्या ठिपक्यातून जायचा असतो. तिथे काजळीचा पातळसा थर आला की वाट बंद. अडणाऱ्या इंजिनांपैकी बहुतेकांचं दुखणं एवढंच असतं, मोटर बिचारी ठणठणीत असते.

पहिली पायरी: दोष जागेचा की इंजिनाचा?

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी, आणि वेळ सगळ्यात जास्त तीच वाचवते. कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे कापून ठेवा. इंजिन एकटंच, डबे न लावता, मंद वेगात दहा फेऱ्या चालवा. जिथे अडेल किंवा गचका खाईल तिथे रुळाशेजारी एक तुकडा चिकटवा. मग उलट्या दिशेने दहा फेऱ्या. त्यानंतर दुसरं इंजिन असेल तर तेही तसंच फिरवा.

आता पट्ट्यांकडे बघा. सगळी इंजिनं एकाच जागी अडत असतील तर दोष त्या जागेचा. एकच इंजिन कुठेही अडत असेल तर दोष त्या इंजिनाचा. सगळीच इंजिनं सगळीकडे अडखळत असतील तर रूळ मळलेत किंवा वीजच कमी पोचतेय. आणि एकच इंजिन एकाच जागी अडत असेल, तर बहुधा तिथे रूळ बदलणारा पॉइंट आहे आणि तुमचं इंजिन आखूड आहे. त्याकडे पुढे येऊ.

फेऱ्या चालू असताना हेडलाइटवर लक्ष ठेवा. इंजिन थांबलं आणि दिवाही गेला, तर वीज इंजिनापर्यंत पोचत नाहीये. दिवा लागलेलाच आहे पण इंजिन ढिम्म, तर वीज पोचलीय आणि घोटाळा पुढे मोटर किंवा गिअरमध्ये आहे. कंट्रोलरचा ओव्हरलोडचा दिवा लागला किंवा पूर्ण लेआउटच, म्हणजे रुळांची सगळी मांडणीच, बंद पडली, तर शॉर्ट सर्किट. या तीन गोष्टींतली कुठली आहे हे एकदा कळलं की निम्मं काम झालंच.

दुसरी पायरी: रूळ पुसा

वीज बंद करा. पांढरं सुती कापड बोटाला गुंडाळा आणि रुळाच्या माथ्यावरून एक हात लांबीभर ओढा. कापडावर काळी कुळकुळीत रेघ उमटली तर दोषी सापडला म्हणा. ही काजळी नुसती धूळ नसते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडत असतात, त्यातून धातूचा ऑक्साइड होतो. त्यात इंजिनातून झिरपलेलं तेल, हवेतली धूळ आणि डब्यांच्या प्लॅस्टिकच्या चाकांचा भुगा मिसळतो.

पुसायला ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. खिडकी उघडी ठेवा, आसपास ज्योत नको, आणि पूर्ण सुकल्याशिवाय वीज चालू करू नका. अल्कोहोलने मळ चटकन निघतो, पण त्यानंतर काजळी लवकर परत येते असा बऱ्याच अनुभवी लोकांचा अनुभव आहे, आणि माझाही. म्हणून मी आधी अल्कोहोलने मळ काढतो आणि शेवटचा हात मिनरल स्पिरिटचा, म्हणजे रंगात मिसळायच्या, कमी वासाच्या मिनरल टर्पेंटाइनचा, फिरवतो. कापड नुसतं ओलसर हवं, निथळणारं नको. नंतर कोरड्या कापडाने पुसायचंच.

सँडपेपर वापरू नका, कितीही मोह झाला तरी. पहिल्या दिवशी रूळ आरशासारखे चमकतील आणि इंजिन सुसाट धावेल. पण त्या ओरखड्यांमध्ये मळ जाऊन बसतो, आणि पंधरवड्यात तुम्ही होता त्याहून मागे. रूळ साफ करायचा रबरी ठोकळा मिळतो, तो जुन्या, फारच माखलेल्या रुळांसाठी राखून ठेवा. घासल्यावर पडलेला चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर तोच गिअरमध्ये जातो.

रूळ कशाचे आहेत तेही बघा. पिवळसर असतील तर पितळ. पितळेचा ऑक्साइड वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे ते सारखे पुसावे लागतात. चंदेरी दिसतात ते बहुतेक निकेल सिल्व्हरचे. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. काळा पडला तरी वीज बऱ्यापैकी जाऊ देतो. नव्याने सुरुवात करत असाल तर तेच रूळ घ्या.

रुळांमध्ये खडी चिकटवली असेल किंवा बाजूंना गंजाचा रंग दिला असेल, तर रुळाची आतली कडसुद्धा तपासा. गोंदाचा वाळलेला पापुद्रा पारदर्शक असतो, डोळ्यांना दिसत नाही. नख फिरवलं की कळतो.

तिसरी पायरी: चाकं

स्वच्छ रुळांवर मळकी चाकं फिरवली तर संध्याकाळपर्यंत रूळ पुन्हा काळे. चाकं धुवायची युक्ती सोपी आहे. किचन टॉवेलचा कागद घडी घालून दोन्ही रुळांवर आडवा पसरा आणि अल्कोहोलने ओलसर करा. इंजिनाची पुढची चाकं कागदावर आणि मागची मोकळ्या रुळावर असं इंजिन ठेवा. दोन बोटांनी ते हलकेच धरून ठेवा आणि कंट्रोलर अर्ध्यावर आणा. मागच्या चाकांमधून वीज मिळते आणि पुढची चाकं कागदावर जागच्या जागी फिरतात. कागदावर दोन काळे पट्टे उमटतील. कागद सरकवून पुन्हा करा, पट्टे फिकट होईपर्यंत. मग इंजिन फिरवून मागची चाकं. इथे अर्ध्याच चाकांमधून वीज मिळत असते, म्हणून चाकं थांबली तर घाबरू नका, इंजिन जरासं दाबा किंवा क्लिपच्या दोन तारांनी वीज द्या.

काही इंजिनांच्या एक-दोन चाकांवर रबराची बारीक रिंग असते, पकड वाढावी म्हणून. त्या रिंगेला अल्कोहोलमध्ये भिजवू नका. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: रबर असलेलं चाक वीज घेतच नाही. चार चाकांच्या इंजिनात दोन चाकांना रबर असलं तर वीज घ्यायला दोनच उरतात. अशा इंजिनाला बाकीच्यांपेक्षा जास्त स्वच्छ रूळ लागणार.

डब्यांची चाकंही विसरू नका. त्यांच्यावर मळाचा जाड वळ बसतो, तो लाकडी काडीने खरवडला की सालासारखा सुटून येतो.

चौथी पायरी: सांधे आणि तारा

ज्या सांध्याने मला रडवलं तो इथला. दोन रूळ जोडणारी बारीक धातूची पट्टी असते. रूळ वारंवार काढले-घातले की ती सैल होते, आत काळी पडते. शिवाय लेआउटचा लाकडी पाया दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि सांधे हळूहळू सरकत राहतात. काल चालणारं इंजिन आज का अडलं, याचं उत्तर कधी कधी हवेतच असतं.

तपासायला मल्टिमीटर हवा. साधा, स्वस्तातला चालेल. पण नुसते दोन प्रोब रुळांना लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे सडका सांधासुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ओझं टाकल्यावरच खरं रूप कळतं. मोटारीच्या नंबरप्लेटवर असतो तसा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब घ्या, तो साधारण ०.४ अँपिअर करंट ओढतो, म्हणजे एका एचओ इंजिनाच्या आसपास. बल्ब रुळांवर जोडून त्याच जागी व्होल्टेज मोजा. आधी कंट्रोलरच्या तारा जिथे जोडल्यात तिथे, मग तिथून सर्वात लांबच्या टोकाला. दोन आकड्यांत एका व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर मधले सांधे व्होल्टेज खातायत. मग एकेक सांधा ओलांडत पुढे सरका. जिथे आकडा एकदम खाली येतो तो चोर.

सैल पट्टी पकडीने हळूच आवळून बघा, पण खरा इलाज म्हणजे नवी पट्टी आणि जादा तारा. लेआउटच्या खालून दोन जाड तारा पूर्ण लांबीभर फिरवा, आणि दर मीटरभर अंतरावर त्यांच्यातून बारीक तारा वर आणून रुळांना सोल्डर करा. मग वीज सांध्यांच्या मेहेरबानीवर राहत नाही. सोल्डरिंग करताना प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात, म्हणून दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, आणि सोल्डरिंग आयर्न चांगलं तापवून दोन-तीन सेकंदांत काम उरका. कोमट आयर्न दाबून धरलं की हमखास स्लीपर जातात. सगळेच सांधे मात्र सोल्डर करू नका, रुळांना सरकायला थोडी जागा लागते.

पाचवी पायरी: पॉइंट

चिकटपट्टीचे तुकडे पॉइंटवरच गोळा झाले असतील तर इथे थांबा. पॉइंटच्या मधोमध जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाला फ्रॉग म्हणतात. काही पॉइंटमध्ये हा फ्रॉग प्लॅस्टिकचा, म्हणजे मुका असतो, आणि त्यावरून जाताना त्या चाकांना वीज मिळत नाही. लांब, आठ-बारा चाकांच्या इंजिनाला फरक पडत नाही, बाकीची चाकं सांभाळून घेतात. चार चाकांचं शंटिंग इंजिन मात्र तिथे बरोबर फसतं. वेग वाढवला की ते निसटतं खरं, पण शंटिंगची मजा हळू चालवण्यातच आहे. कायमचा उपाय म्हणजे धातूच्या फ्रॉगचा पॉइंट लावून, पॉइंट बदलेल तशी फ्रॉगची वीजही बदलेल असा स्विच जोडणं.

दुसरी शक्यता पात्यांची. सरकणारं पातं बाजूच्या रुळाला टेकतं, आणि बऱ्याच पॉइंटमध्ये पुढची वीज त्या टेकण्यावरच अवलंबून असते. पातं आणि रूळ यांच्यात अल्कोहोलने ओला केलेला जाड कागद सरकवा, पातं हलकं दाबा आणि कागद ओढून घ्या. कागद काळा निघेल. दोन-तीनदा करा.

तिसरी शक्यता शॉर्टची, म्हणजे पॉइंटवर आलं की दिवा भपकन जातो आणि कंट्रोलर कुरकुरतो. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओमध्ये साधारण १४.४ मिलिमीटर हवं. कमी असेल तर चाकाची पाठ उघड्या पात्याला घासते. हे अंतर मोजायची तयार पट्टी मिळते, अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेच्या मापांनुसार बनवलेली. पहिल्या दहा खरेद्यांमध्ये ती असावी असं माझं स्पष्ट मत आहे. चाक आसावर हळूच पीळ देत सरकवा, ओढू नका. अंतर बरोबर असूनही प्लॅस्टिक फ्रॉगच्या टोकाशी ठिणगी पडत असेल, तर रुंद चाक एकाच वेळी दोन्ही रुळांना शिवतंय. तिथे रुळाच्या माथ्यावर काही मिलिमीटर पारदर्शक नेलपॉलिश लावा. गावठी वाटेल, पण चालतं.

आणि हो, रूळ सपाट आहे ना? डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबवर बघा. खळग्यात ताठ चौकटीचं चार चाकांचं इंजिन तीनच चाकांवर उभं राहतं, डुगडुगणाऱ्या स्टुलासारखं. खाली जाड कागदाची चकती सरकवली की प्रश्न मिटतो.

सहावी पायरी: आता उघडा

दिवा लागलेला आणि इंजिन थांबलेलं, किंवा चाकं पुसूनही एकच इंजिन सगळीकडे अडतंय, असं असेल तरच इथपर्यंत या. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. ब्रश काढणार असाल तर इंजिन आणि हात दोन्ही एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. माझी स्प्रिंग तशी उडाली असती तर पिशवीत तरी सापडली असती.

डिकोडर, म्हणजे डिजिटल हुकूम वाचणारं इंजिनातलं छोटं सर्किट, नसलेलं साधं डीसी इंजिन असेल तर ९ व्होल्टची बॅटरी थेट मोटरच्या दोन टोकांना लावून बघा. मोटर गुळगुळीत फिरली तर दोष चाकं आणि मोटर यांच्यामधल्या पत्र्यांत किंवा तारांत आहे. पत्री चाकाला टेकत नसेल तर चिमट्याने तिला हलकासा बाक द्या. जास्त बाक दिला तर ती ब्रेकचं काम करते. डिकोडर असलेल्या इंजिनाला अशी बॅटरी कधीही लावू नका.

मोटर अडखळत असेल आणि ती उघडता येण्यासारखी असेल, तर आतल्या तांब्याच्या गोल कॉम्युटेटरकडे बघा. त्याच्या फटींत ब्रशचा कार्बन भरून बसतो. तो दात कोरायच्या लाकडी काडीने काढा, सुईने नको, आणि मग अल्कोहोल लावलेला इअरबड फिरवा. ब्रश झिजून अगदी आखूड झाले असतील तर बदला. हल्लीच्या बऱ्याच मोटर बंद डब्यासारख्या असतात, त्या उघडायच्या नसतात, थेट बदलायच्या.

मोटर ठीक असूनही इंजिन लंगडत असेल तर आवाज ऐका. ठरावीक अंतराने टक, टक, टक येत असेल तर आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलाय. तड केसाएवढी असते, भिंगातून दिसते. त्याला गोंद टिकत नाही, नवाच घाला. वाफेच्या इंजिनात चाकाच्या दर फेरीला एकदा अडकल्यासारखं होत असेल तर दोन बाजूंच्या दांड्यांमधला ९० अंशांचा कोन बिघडलाय. ते दुरुस्त करणं नवख्याचं काम नाही, जाणकाराकडे द्या.

जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून प्लॅस्टिकला चालणारं नवं लावा. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं की ते चाकांवर आणि कॉम्युटेटरवर उतरतं, आणि तुम्ही दुसऱ्या पायरीवर परत.

डिजिटल असेल तर

डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल हुकूम पाठवायच्या पद्धतीत डिकोडरला छोटासा संगणकच समजा. वीज क्षणभर तुटली की तो नव्याने सुरू होतो, त्यामुळे साध्या इंजिनात जाणवणार नाही असा मळ इथे लगेच जाणवतो. इंजिन मुळीच हालचाल करत नसेल तर पत्ता, म्हणजे कंट्रोलरवर इंजिन निवडायचा क्रमांक, तपासा, नव्या डिकोडरचा पत्ता सहसा ३ असतो. अगदी मंद वेगात उठत नसेल तर सीव्ही २ ची, म्हणजे डिकोडरमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या सेटिंगची, किंमत थोडी वाढवा. काही केल्या ताळमेळ लागत नसेल तर अनेक डिकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यावर मूळ स्थितीत येतात, आधी त्याचं माहितीपत्रक वाचा.

लेआउटच्या निरनिराळ्या जागी एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं दाबा. सिस्टिम ताबडतोब बंद पडली पाहिजे. कुठे बंद पडली नाही तर तिथपर्यंतच्या तारा बारीक आहेत किंवा सांधे खराब आहेत. खऱ्या शॉर्टच्या वेळी तिथे चाकं आणि डिकोडर भाजून निघतील, म्हणून नाणं लगेच उचला आणि चौथ्या पायरीवर जा.

वीज क्षणभर गेली तरी इंजिन चालू ठेवणारे कपॅसिटरही मिळतात. आखूड इंजिनासाठी ती खरंच सोय आहे. मळ झाकायला मात्र लावू नका, कारण मग हेडलाइट काही सांगेनासा होतो.

सगळं झाल्यावर जुन्या पट्ट्या काढून टाका आणि इंजिन पुन्हा एकटंच सोडा, नॉब जेमतेम उघडून, चाकाचा एकेक आरा मोजता येईल इतक्या मंद वेगात. खोलीतले दिवे मालवा. हेडलाइट जिथे लुकलुकेल तिथे नवी पट्टी चिकटवा. माझ्या लेआउटवर आज अशी एकच पट्टी आहे, बोगद्याच्या आत, जिथे हात पोचत नाही.